केळीवाल्यांच्या ग्रुपवरचा तो एड्सचा मेसेज, अन त्यातला एकेक मुद्दा

रावेरहून सावद्याला, तिथून फैजपूर, यावल असा फिरत फिरत तो मेसेज शेवटी माझ्या साडूने मलाच पाठवला, वर लिहिलं "भो हे वाच, डोळे उघडतील". मेसेजमधे थोडक्यात असं आहे की एड्स हा ड्रायव्हर अन धंदेवाल्या बायांचा रोग, घरंदाज नवराबायकोला टेस्टची गरज नाही. कंडोमला बारीक भोकं असतात. गोळ्या चालू असल्या तरी रोग पसरतोच. संयम शिकवा, बाकीचं संशोधन म्हणजे विदेशी पैसा खायचा धंदा.

पहिलाच मुद्दा सगळ्यात डेंजर. पुण्यात १९९३ ते १९९६ मधे गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या बायांचा अभ्यास झाला होता, त्यात धंदा न करणाऱ्या ३९१ बाया होत्या, बहुतेक लग्न झालेल्या, अन त्यातल्या १३.६ टक्के एचआयव्ही, म्हणजे एड्सच्या विषाणूच्या, पॉझिटिव्ह निघाल्या. आता हा आकडा सगळ्या महाराष्ट्राचा नाही हं, दवाखान्यात आलेल्यांचा आहे, देशात मोठ्या माणसांत प्रमाण आज ०.२ टक्क्याच्या आसपास आहे. पण त्या बायांनी काय केलं होतं? लग्न केलं होतं, बस. आमच्या गल्लीतली एक वहिनी, नवरा सुरतला कामाला, दिवाळीला अन लग्नसराईत येणार, हिला कळलं ते पोटुशी असताना दवाखान्यात रक्त घेतलं तेव्हा. सासू म्हणे हिनेच आणला. नवऱ्याची टेस्ट करायचं कोणाच्या डोक्यातच नाही, कारण तो ड्रायव्हर नव्हता ना! मेसेज लिहिणाऱ्याला ही सासू भेटायला पाहिजे, दोघांचं जमेल.

कंडोमची भोकं. अरे बाबा, विषाणू काय डासासारखा एकटा उडत येतो का, तो येतो वीर्यात, योनीतल्या पाण्यात, रक्तात, अन ते न फाटलेल्या रबरातून गळत नाही. खरी अडचण वेगळीच आहे, फाटतो, सटकतो, अन मुख्य म्हणजे खिशातच राहतो. स्त्री-पुरुष जोडप्यांवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा दरवेळी वापरणाऱ्यांत लागण साधारण ८० टक्के कमी दिसली. शंभर नाही, ऐंशी. मेसेजवाल्याने एवढंच लिहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो.

गोळ्यांवर मात्र तो साफ चुकलाय. एकाला एचआयव्ही अन दुसऱ्याला नाही अशी १७६३ जोडपी, नऊ देशांतली, त्यात आपलं पुणे अन चेन्नई पण, अन जवळपास सगळी स्त्री-पुरुष जोडपी. २०११ ला निकाल आला की लवकर औषध चालू केलं तर जोडीदाराला लागण ९६ टक्के कमी. नंतर युरोपात, जोडप्यातल्या एकाला एचआयव्ही पण गोळ्यांनी विषाणू दबलेला, अशा जोडप्यांना पाहिलं, त्यात ५४८ स्त्री-पुरुष जोडपी होती, कंडोम न वापरता संबंध, तरी जोडीदाराकडून लागण शून्य. अट एकच, गोळी रोज अन व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दबलेला. सरकार या गोळ्या २००४ पासून फुकट देतंय.

आता "धंदा". आफ्रिकेत तीन देशांत पाच हजारावर बायांना लागण टाळायची गोळी नाहीतर योनीत लावायचं औषधी जेल देऊन पाहिलं, व्हॉइस नावाचा अभ्यास, अन तो फेल गेला. का, तर रक्त तपासलं तेव्हा जेमतेम पंचवीस-तीस टक्के नमुन्यांत औषध सापडलं, बाया घेतच नव्हत्या. हे त्यांनी स्वतःच छापलं. आपल्याकडे कीटकनाशकाची कंपनी असं छापते का कधी? दुसरीकडे केनिया-युगांडात जोडप्यांतल्या लागण नसलेल्या जोडीदाराने अशी टाळायची गोळी मनापासून घेतली तर लागण ७५ टक्क्यांपर्यंत कमी झाली.

अन विदेशी पैशाचीच गोष्ट काढली म्हणून सांगतो, अमेरिकेने २००४ ते २०१३ मधे आफ्रिकेत १४० कोटी डॉलर खर्चले ते संयम अन एकनिष्ठतेच्या प्रचारावरच. २२ देशांचा डेटा लावून पाहिला तर लोकांच्या वागण्यात काही फरक नाही. म्हणजे तुमचाच उपाय करून झालाय भो, डॉलर लावून.

टेस्ट सरकारी दवाखान्यात आयसीटीसीला, म्हणजे एचआयव्ही तपासणी अन सल्ला केंद्रात, होते, फुकट, पहिल्या किटवर काही आलं तर अजून दोन वेगळ्या किटवर तपासल्याशिवाय पॉझिटिव्ह म्हणत नाहीत, अन नाव बाहेर फोडायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. विचारायचं असेल तर १०९७ ला फोन. तालुक्याला ओळखीचं कोणी दिसेल वाटत असेल तर सरळ जळगाव सिव्हिल गाठा, नाहीतरी सातबाऱ्यापासून लग्नाच्या बस्त्यापर्यंत सगळ्याला जातोच की तिकडे.