शंभर टक्के वनस्पतीजन्य दाढ

गावात दाढ दुखत असेल तर गालावर हात ठेवून रस्त्यानं जाऊ नये. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात प्रत्येक जण दुसऱ्याच्या दातांचा डॉक्टर असतो, आणि फी घेत नसल्यामुळे त्याला थांबवताही येत नाही.

"काहून जी गुरुजी, दाढ का?" एवढं विचारून एकानं खिशातून लवंगच काढली. लवंग गुणाची खरी, तिच्यातलं युजेनॉल ठणका बधिर करतं. पण दाढेखाली लवंग धरून सातवीला 'त्रिकोण' म्हणून दाखवा! दुसऱ्यानं बाभळीची काडी आणली, काट्यांसकट. घरी माय म्हणे, "लिंबाची काडी चाव, बाप्पा. तुह्या आबाजीचे दात सरनावर बी साबूत होते." आता यावर काय बोलणार?

त्यात लेकीनं पुण्याहून ट्यूब पाठवली. कडुनिंब, ज्येष्ठमध, बाभूळ, पुदिना. शेताचा अख्खा धुरा पिळून भरलेला, आणि भाव फवारणीच्या औषधाचा. वर छापलेलं : दातांत पुन्हा खनिजं भरते, फ्लोराइड अजिबात नाही. आमच्याकडच्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड इतकं, की पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे उमटतात! लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते पाणी पिऊ नये. पेस्टमधलं थोडंसं मात्र दात घट्ट करतं. पण हे लेकीला फोनवर कोण समजावणार?

शेवटी तालुक्याला दंतवैद्याकडे गेलो. तो म्हणाला, "काका, दाताच्या कवचात जिवंत पेशी नसतात. नुसता पांढरा डाग असेल तर लाळेतलं कॅल्शियम, फॉस्फेट तिथं परत बसतं. खड्डा पडला की तो कोणत्याच झाडपाल्यानं बुजत नाही." गोड खाल्लं की जंतू आम्ल करतात, पीएच साडेपाचाच्या खाली गेला की कवच विरघळायला लागतं, आणि लाळेला ते सावरायला अर्धा तास तरी लागतो. "चहा किती वेळा होतो?"

मी बोटं मोजायला घेतली आणि हात खिशात घातला. अहो, इथं कोणाच्या दारावरून कोरडं जाता येतं का? "अर्धा कप तं घ्याच लागन!" कप अर्धा, साखर पुरी. लाळ बिचारी कामाला लागते न लागते तोच पुढच्या घरची बशी समोर.

आणि चहा तरी काय? पानंच. साखर उसाची. चौकातल्या खर्ऱ्यात सुपारी झाडाची, तंबाखू झाडाचा. खनिज म्हणाल तर तेवढा चुना. म्हणजे माझी दाढ किडली तीही निव्वळ वनस्पतींवरच.

दंतवैद्यानं खड्ड्यात ग्लास आयनोमर सिमेंट भरलं. त्यातून हळूहळू फ्लोराइड पाझरतं म्हणे. लेकीला मी फक्त 'सिमेंट' एवढंच सांगितलं.

मायनं तोंडात टॉर्च मारून पाहिलं. "कितीले पडलं?"

सांगितलं.

"एवढ्यात तं आपल्या वसरीले कोबा झाला असता."