यात गहू कुठे दिसतोय?

कूसकूस. दोन आठवडे आधी फॉर्म भरला, मग फोन केला, आदल्या दिवशी पुन्हा मेसेज टाकला, आणि दिवसभराच्या प्रशिक्षणात माझ्यापुढे 'ग्लूटेन-फ्री व्हेज' म्हणून आलं ते कूसकूस. डब्यावर माझ्या नावाची चिकटपट्टी, शेजारी हिरव्या पेनाने काढलेला हसरा चेहरा. खरं सांगते, त्या चेहऱ्याचाच सगळ्यात जास्त राग आलाय.

झाकण उघडलं. बंद केलं. परत उघडलं. म्हटलं किन्वा असेल, उगाच संशय नको. किन्वा शिजला की दाण्याला बारीक पांढरी शेपटी सुटते ना, ती शोधत बसले. काट्याने दाणे उलटेपालटे करून बघितले. शेपटी नाही. उठले आणि वाढणाऱ्या दादांकडे गेले.

"दादा, हे कूसकूस आहे का हो?"

"हो मॅडम, खास तुमच्यासाठी. ब्रेड नाही, पास्ता नाही."

"अहो, पण कूसकूस गव्हाचंच असतं."

त्यांनी डब्यात वाकून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "यात गहू कुठे दिसतोय?"

गहू कुठे दिसतोय! रव्याला पाण्याचा हात लावून वळलेल्या कण्या त्या. गहूच तो, फक्त वेषांतर करून आलेला! आता हे सांगताना माझा आवाज चढला असेल, मान्य. तेवढ्यात आयोजनातल्या ताई धावत आल्या आणि अत्यंत गोड आवाजात म्हणाल्या, "मग बाजूबाजूने भाज्या खाऊन घ्या ना, मधलं सोडून द्या."

बाजूबाजूने. मला सीलिॲक आहे, बाई. ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं नि जवातलं ते प्रथिन, पोटात गेलं की माझं स्वतःचं शरीर माझ्याच आतड्याच्या अस्तरावर उठतं. पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' छापायला 1 किलोमागे 20 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. मिलिग्रॅम! आणि या मला काकडीचे काप वेचून खायला सांगतायत.

शेवटी पर्यायी व्यवस्था झाली. एक केळं. टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून, जणू सत्कार. दीड ते साडेसहा त्या केळ्यावर काढले. प्रशिक्षणाचा विषय 'नियोजन' होता.

आणि हे काही पहिल्यांदा झालेलं नाही. नुसतं शाकाहारी म्हणा, पास्ता येतो. नुसतं ग्लूटेन नको म्हणा, चिकन भाजून देतात. दोन्ही एका दमात सांगितलं की लेट्यूसची तीन पानं. एकदा तर कोशिंबिरीवरचे तळलेले पावाचे तुकडे माझ्यासमोर बोटांनी उचलले आणि ताट तसंच पुढे सरकवलं, "काढले बघा!" दुसऱ्या ठिकाणी मोठ्या कौतुकाने शाकाहारी 'मटण' आणलं. सेइटान! तो तर गव्हाच्या पिठातला स्टार्च धुऊन काढून जे उरतं त्याचाच करतात. म्हणजे निव्वळ ग्लूटेन. विष गाळून, घट्ट करून वाढलं.

बरं, लपलेल्यांचं काय सांगू. सोया सॉसमध्ये गहू. मक्याच्या कॉर्नफ्लेक्समध्ये जवाचा, म्हणजे बार्लीचा, माल्ट. सूप दाट करायला मैदा. ओट्स मुळात चालतील एक वेळ, पण गव्हाच्याच गिरणीतून आले की संपलं, म्हणून त्यांच्याही पाकिटावर वेगळं लिहिलेलं शोधायचं. आणि ऑफिसातला तो सगळ्यांचा टोस्टर! त्याच्या तळाशी जो चुरा साठलाय ना, त्यात एखादं झाड उगवेल.

"थोडंसं खाल्लं तर काय होतंय?" विचारणाऱ्यांना आणि "बारीक व्हायला करतेस का?" विचारणाऱ्यांना मी आता उत्तरच देत नाही. नुसती बघते.

झटपट पाककृतीवाल्यांवर तर माझा वेगळा दात आहे. '15 मिनिटांत ग्लूटेन-फ्री जेवण', आणि पहिलीच ओळ: 'रात्रभर भिजवून शिजवलेले छोले घ्या.' मग ज्वारीचं पीठ, तांदळाचं पीठ, टॅपिओका, बटाट्याचा स्टार्च, वर इसबगोल, का तर पीठ सुटू नये. एवढी डब्यांची उतरंड लावून जो पाव होतो, तो पिशवीतून काढेपर्यंत त्याचा भुगा. घाईच्या दिवशी, हो, घाईच्या!

मला विचारा काय जमतं ते. काचेच्या बरणीत तांदळाच्या बारीक शेवया, मटार, चमचाभर शेंगदाण्याचं बटर, मीठ, तिखट. ऑफिसात वरून उकळतं पाणी, झाकण, पाच मिनिटं. किंवा डब्यातले तयार छोले नि गार भात, वर लिंबू. फक्त तो भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका, पसरून लवकर गार करून फ्रिजमध्ये टाका. बाहेर राहिलेल्या भातात जंतू जे विष करतात ते परत गरम करूनही जात नाही. आणि पर्समध्ये कायम मूठभर शेंगदाणे. कायम! हे मी सगळ्यांना सांगते. ऑफिसात नवीन आलेल्या मुलीला तर परवाच अर्धा तास सुनावलंय.

तर आज दुपारी त्या पर्समध्ये हात घातला. तळाशी मीठ होतं, चार टरफलं होती आणि एक शेंगदाणा होता, तोही खवट.

आणि डबा? भरला होता हो! पहाटे उठून हरभरे भाजले, बदाम घातले, सफरचंद कापून त्याला लिंबूसुद्धा लावलं. घरी आले तर दारातच, चपलांच्या कपाटावर, माझा डबा. किल्ली हातात घ्यायला म्हणून मीच तिथे ठेवला होता. दिवसभर त्या दादांना मनातल्या मनात शिव्या घालत होते मी.

उघडला. गरम असतानाच झाकण लावलं होतं, त्यामुळे वाफ धरून हरभरे चिवट झालेले. चप्पलही न काढता, उभ्या उभ्या सगळे संपवले. सफरचंदाचे काळे पडलेले कापसुद्धा.

तेवढ्यात फोन वाजला. त्या ताईंचा मेसेज. 'आजसाठी मनापासून सॉरी!! पुढच्या सत्राला तुमच्यासाठी आधीच सांगून ठेवते. बार्लीचं सूप चालेल ना?'

शेवटी हसरा चेहरा.