'काही घडतच नाही' म्हणतात त्या सिनेमांबद्दल

परवा मामाकडे बारशाला गेलो होतो, तिथे मामेभावाशी चांगलाच वाद झाला. विषय 'कोर्ट' सिनेमा. तो म्हणाला, अरे त्यात काही घडतच नाही, मी अर्धा तास बघितला आणि बंद केला. पंगत उठेपर्यंत मी त्याच्याशी भांडत होतो तरी मनातलं सगळं बोलून झालं नाही, म्हणून आज इथे लिहितोय. लांबलचक आहे, सवडीने वाचा. आणि ज्यांनी हे सिनेमे बघितले नसतील त्यांनी आधी बघा, कारण मी शेवट सांगणार आहे.

चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' आपल्याकडे थेटरात लागला एप्रिल 2015 मध्ये. त्याआधी व्हेनिसला दोन बक्षिसं घेऊन आलेला आणि त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट. मी दुपारच्या शोला गेलो, आख्ख्या थेटरात आम्ही दहा-बारा जण असू. गोष्ट अशी की नारायण कांबळे नावाचे म्हातारे लोकशाहीर आहेत, त्यांचं गाणं ऐकून एका गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली असा त्यांच्यावर आरोप आहे आणि त्याचा खटला चालू आहे. तारीख पडते, पुढची तारीख पडते, सरकारी वकील बाई कायद्याची कलमं एका सुरात वाचत राहतात. एका बाईची केस तर ती बिनबाह्यांचं घालून आली म्हणून न्यायाधीश पुढे ढकलतात. 'काही घडत नाही' ते हे.

पण त्याच कोर्टात त्या मेलेल्या कामगाराची बायको साक्षीला उभी राहते. वकील विचारतो ते ती सांगते, आवाज चढत नाही, डोळ्यात पाणी नाही. नवरा गटारात उतरायच्या आधी दारू प्यायचा, वास सहन व्हायचा नाही म्हणून. गॅसने एक डोळा गेलेला. अंगावर सेफ्टीचं काही नसायचं. आणि उतरायच्या आधी तो आत खडा टाकून बघायचा, झुरळं बाहेर आली तर समजायचं आत हवा आहे. बस. ती बाई व्यावसायिक अभिनेत्री नाही. मागे व्हायोलिन वाजत नाही, कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर धावत जात नाही, तो जिथे आहे तिथेच राहतो आणि ते झुरळांचं वाक्य थेट तुमच्या अंगावर येतं. मी त्या दिवशी घरी चालत आलो आणि रस्त्यातली गटाराची झाकणं मोजत आलो, खरं सांगतो.

हेच मला मामेभावाला सांगायचं होतं. घडतं, पण ते तुझ्यासाठी अधोरेखित करून ठेवलेलं नसतं, ते तुला बसून बघावं लागतं. आणि कोर्टाच्या बाहेरचा भाग आठवा. तीच सरकारी वकील, गीतांजली कुलकर्णी, कोर्ट सुटल्यावर लोकलने जाते, पोराला पाळणाघरातून घेते, घरी येऊन स्वयंपाकाला लागते. बचावाचा वकील सुपरमार्केटमध्ये चीज आणि वाइन घेतो. कुणीही व्हिलन नाही. ती बाई दुष्ट नाही, दमलेली आहे, आणि तिच्या त्या दमण्यात एका माणसाचा तुरुंगवास लांबत जातो, हे मला कुठल्याही भाषणापेक्षा जास्त लागलं. कांबळेंचं काम केलेले वीरा साथीदार स्वतः कार्यकर्ते आणि लेखक होते. 2021 च्या एप्रिलमध्ये कोरोनात गेले. ती बातमी वाचली तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं होतं मला.

आता नागराज मंजुळेचा 'फँड्री'. त्यातला शाळकरी जब्या शेवटी दगड मारतो तो सगळ्यांना आठवतो, बरोबरच आहे, पण माझ्या मते सिनेमा त्याच्या आधी कळसाला पोचतो. जब्याचं कुटुंब शाळेच्या जवळ डुक्कर पकडतंय, गाव कठड्यावर बसून मजा बघतंय, आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी थांबतो, मग बापही थांबतो. किशोर कदम त्या क्षणी ज्या पद्धतीने उभे आहेत, अंग पुढे झेपावलेलं आणि पाय सावधान, ते मी किती वेळा परत बघितलंय त्याला गणती नाही. सगळे ताठ उभे आणि डुक्कर मोकळं. मंजुळेने इथे एक शब्द खर्च केला नाही. पुढे तेच डुक्कर काठीला बांधून बापलेकं नेतात तेव्हा मागच्या भिंतीवर आंबेडकर, फुले, सावित्रीबाई, गाडगेबाबा, शाहू महाराज यांची चित्रं आहेत, आणि कॅमेरा शांतपणे ती भिंत दाखवत राहतो. दुसरा कुणी असता तर तिथे संवाद घातला असता.

मंजुळेच्याच 'सैराट'बद्दलही माझं तेच म्हणणं आहे. लोक झिंगाटवर नाचले, मीही नाचलो, तालुक्याच्या थेटरात लोकांनी पडद्यावर चिल्लर उधळली. अजय-अतुलने पहिला अर्धा भाग आवाजाने भरून टाकलाय, आणि शेवटी तो आवाजच काढून घेतात. खून झालेल्या आर्ची-परश्याचं पोर दारातून आत जातं, मग बाहेर येतं आणि त्याच्या पायांचे लाल ठसे उमटत जातात, आणि काहीही ऐकू येत नाही. मघाशी शिट्ट्या मारणारी आमच्या मागची रांग एकदम गप्प झाली, दिवे लागले तरी कुणी उठेना. मला वाटतं पहिल्या भागातली गाणी या शांततेसाठीच होती.

('किल्ला'वर वेगळं लिहीन कधीतरी. पोरं त्या मुलाला पावसात किल्ल्यावर एकट्याला सोडून निघून जातात, तेवढ्या एका प्रसंगासाठी तो सिनेमा मी कुणालाही बघायला लावतो.)

टीव्हीबद्दल मात्र मला राग आहे आणि तो लपवणार नाही. आमच्या घरी 'श्रीयुत गंगाधर टिपरे' लागायचं तेव्हा आजी, आई, बाबा, आम्ही भावंडं सगळे एका खोलीत. आठवड्यातून एकदा. आबा, शेखर, श्यामला, शिऱ्या, शलाका. कुणाचा खून नाही, कुणी कुणाच्या दुधात काही कालवत नाही, शिऱ्याचं काहीतरी बिनसलेलं असायचं किंवा शेखरचं ऑफिसात, आणि शेवटी आबा डायरी लिहायला बसायचे. दिलीप प्रभावळकरांनी आधी लिहिलेल्या 'अनुदिनी'वरून आणि केदार शिंदेंच्या दिग्दर्शनात ती मालिका झाली. ज्या माणसाने चिमणराव केला, तात्या विंचू केला, पुढे हिंदीत गांधीजी केले, तोच माणूस इथे आबा होऊन चष्मा पुसता पुसता सुनेकडे असा काही बघायचा की आजी म्हणायची, "हे आपल्या अण्णांसारखंच बघतात." त्याच सुमारास प्रतिमा कुलकर्णींचं 'प्रपंच' होतं, त्यात तर घरच एक पात्र होतं, आणि सुधीर जोशी बोलायचे थांबले तरी बघत राहावं असे.

आठवड्याला एक भाग म्हणजे लिहिणाऱ्याला आठवडाभर विचार करायला मिळतो. रोज एक भाग म्हटल्यावर तो बिचारा काय करणार? मग एका वाक्यावर सहा जणांचे चेहरे, प्रत्येक चेहऱ्यावर तीनदा झूम, मागे ढोल. लिहिणाऱ्यांना, नटांना मी दोष देत नाही, माझ्या ओळखीतली मुलं तिथे बारा-बारा तास राबतात. पण आपल्याला काय वाटलं पाहिजे हे दर पाच सेकंदाला संगीताने सांगायचं, ही प्रेक्षकावर विश्वास नसल्याची खूण आहे, आणि वीस वर्षं हेच ऐकून ऐकून माझ्या मामेभावासारख्या हुशार माणसाला शांत शॉट म्हणजे रिकामा शॉट वाटायला लागला. साप्ताहिक मालिका परत आणा. तेवीस-चोवीस भागांत गोष्ट संपू द्या. लोक बघतील, टिपरे आजही मोबाईलवर बघतातच की.

लॉकडाऊनमध्ये मी आईला 'कोर्ट' दाखवला. तिला रोजच्या मालिकांची सवय, म्हटलं कंटाळेल. शेंगा निवडत बसली होती. झुरळांचं वाक्य आलं तेव्हा तिचा हात थांबला, ताट बाजूला ठेवलं. मग शेवटाकडे तो शॉट येतो, कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते, माणसं निघून जातात, शिपाई एकेक दिवा मालवतो, दार लागतं आणि पडदा काळा. तो काळा पडदा बराच वेळ तसाच राहतो. आई म्हणाली, "लाइट गेली का रे?" आणि उठून बटणाकडे गेली. तेवढ्यात पुढचा सीन सुरू झाला, न्यायाधीश साहेब घरच्यांबरोबर सहलीला निघालेत, भरपूर ऊन, पोरांचा गलका. आई बटणाशी उभी होती, ती तिथेच उभी राहिली. सिनेमा संपेपर्यंत खाली बसली नाही.