खुलासा: त्या द्वंद्वात जिरार्दां मेला नव्हता

‘जगातलं पहिलं स्वस्त दैनिक काढणारा फ्रेंच पत्रकार एमिल द जिरार्दां याला प्रतिस्पर्धी संपादकाने गोळी घातली,’ असा मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. यात गोळी झाडणारा आणि मरणारा यांची चक्क अदलाबदल झाली आहे.

जिरार्दांचं ‘ला प्रेस’ १ जुलै १८३६ ला निघालं. वर्षाची वर्गणी ४० फ्रँक, इतरांच्या निम्मी. उरलेला खर्च जाहिरातींतून. पण त्याच दिवशी पॅरिसमध्ये ‘ल सिएक्ल’ही त्याच दरात सुरू झालं होतं आणि न्यूयॉर्कला एका सेंटचं ‘सन’ १८३३ पासून विकलं जात होतं. म्हणजे ‘जगातलं पहिलं’ हेही खरं नाही.

या दरावरून वाद पेटला. ‘ल नासिओनाल’चे संपादक आर्मां कारेल आणि जिरार्दां २२ जुलैला पॅरिसजवळ व्हँसेनच्या रानात पिस्तुलं घेऊन समोरासमोर उभे राहिले. जिरार्दांच्या मांडीला गोळी लागली, कारेलच्या ओटीपोटात. जखमी कारेलला उचलून नेताना त्याने जिरार्दांलाच विचारलं, फार दुखतंय का? दोन दिवसांनी कारेल गेला. वय अवघं ३६. माझ्या मते या मजकुरात सगळ्यात मोठा अन्याय त्याच्यावर झालाय; त्याचं नावसुद्धा दिलेलं नाही.

जिरार्दां पुन्हा कधी द्वंद्वाला उभा राहिला नाही. १८७७ मध्ये फ्रान्सचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मॅकमहोन यांच्याविरुद्ध त्याने ‘ला फ्रान्स’ या वर्तमानपत्रातून जोरदार लेखणी चालवली, तो खासदारही झाला, आणि १८८१ मध्ये पॅरिसमध्ये वारला.

हा मजकूर तुम्ही पुढे पाठवला असेल तर ही दुरुस्तीही पाठवा.