रिटर्न गिफ्टमधला हिरवा ठिपका

आज संध्याकाळी आमचे चिरंजीव वर्गातल्या मित्राच्या वाढदिवसाहून आले. दुसरीत आहेत. हातात रिटर्न गिफ्टची पिशवी. त्यात वेफर्सचा पुडा, दोन पेन्सिली आणि एक चकचकीत काळं लेझर पेन. हिरवं. पुढे फिरवायची टोपी, ती फिरवली की भिंतभर चांदण्या. मी पोळ्या लाटत होते. मागून "आई, इकडे बघ ना" आलं आणि फ्रिजच्या दारावर, तिथून स्टीलच्या डब्यावर, डब्यावरून उसळून थेट छताला हिरवा ठिपका गेला.

पिठाच्या हातानं मी ते पेन हिसकावलं. पोरगं भोकाड पसरून रडलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं खेळणं आहे, एवढं काय त्यात!"

एवढं काय? २२ मुलं होती वाढदिवसाला. म्हणजे आत्ता, मी हे टाइप करतेय तेव्हा, डोंबिवलीतल्या २१ घरांत सात वर्षांची पोरं आरशावर, ताटलीवर, मांजराच्या आणि धाकट्या बहिणीच्या तोंडावर ते नाचवत असणार. आणि आया म्हणत असतील, बरं झालं, मोबाइल तरी सुटला.

वर्गाच्या ग्रुपवर लगेच लिहिलं, की कृपया हे पेन मुलांकडून काढून घ्या, डोळ्यांना धोका आहे. पहिलं उत्तर काय? हसणारे तीन चेहरे आणि "आम्ही तर लहानपणी ग्रहण पण उघड्या डोळ्यांनी बघितलंय." बघितलं असेल. त्याचा अभिमान कसला वाटतो?

माझ्या यादीतल्या बहुतेकांना माझा मामेभाऊ पिंट्या माहीत आहे. त्याचा डोळा का गेला, हे मी कुणाला कधी नीट सांगितलेलं नाही. कारण ते पेन माझं होतं.

डिसेंबर २०१७. जुन्नरच्या बाजूला मामाच्या शेतावर आम्ही सगळी भावंडं उल्कावर्षाव बघायला गेलो होतो, मिथुन राशीतला, १३-१४ डिसेंबरला असतो तो. मला तेव्हा आकाशदर्शनाचं वेड. फुटपाथवरून साडेतीनशे रुपयांना घेतलेलं हिरवं लेझर पेन घेऊन मी मोठी बाई झाले होते. हा मृग, हा व्याध, ही कृत्तिका. पोरं तोंडाचा आ करून बघत होती. आकाशात हिरवी काठी निघाल्यासारखी दिसते, आणि ती बरोबर ताऱ्यावर जाऊन टेकते. तारे दाखवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, हे मी आजही कबूल करेन.

पहाटे तीनच्या पुढे थंडी अशी पडली की गोधडीतून हात बाहेर काढवेना. आणि पेन विझल्यासारखं झालं. बटण दाबलं तर अगदी फिकट हिरवं. पिंट्या म्हणाला, "ताई, सेल गेला वाटतं, दे इकडे." त्यानं ते हलवलं, तळहातावर आपटलं आणि विझलेल्या बॅटरीत आपण सगळेच डोकावतो तसं बटण दाबून उजव्या डोळ्यासमोर धरून आत बघितलं. किती वेळ? तीन-चार सेकंद असतील. मी शेजारीच बसले होते. मी काही बोलले नाही, कारण मलाही वाटलं की सेलच गेलाय.

सेल गेला नव्हता. हे मला नंतर कळलं आणि तेच मला लोकांच्या कानात ओरडून सांगायचंय. लाल लेझर पेनात डायोडमधून, म्हणजे उजेड देणाऱ्या एका चिमुकल्या इलेक्ट्रॉनिक तुकड्यातून, सरळ लाल उजेड येतो. या स्वस्त हिरव्याचं तसं नसतं. आत ८०८ नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त डायोड असतो, म्हणजे डोळ्याला न दिसणारा. तो एका स्फटिकाला चेतवतो, त्यातून १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश निघतो, तोही दिसत नाही. मग दुसऱ्या स्फटिकात त्याची तरंगलांबी निम्मी होते, ५३२, आणि तेव्हा कुठे आपल्याला हिरवं दिसतं. थंडीत या स्फटिकांचं गणित बिघडतं. हिरवं फिकं पडतं, पण मागचा न दिसणारा उजेड निघतच राहतो. तो अडवायला तोंडाशी एक छोटीशी गाळणीची काच लावायची असते. स्वस्त मालात पहिली काटकसर त्या काचेवर होते. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मोजमापाच्या सरकारी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये असंच १५ डॉलरचं पेन तपासलं होतं. हिरवा उजेड फिका आणि अवरक्तची ताकद जवळजवळ २० मिलिवॅट! झगझगीत उजेड आला की पापणी पाव सेकंदात मिटते, बाहुली आकसते. जो उजेड दिसतच नाही, त्याला पापणी का मिटेल? दुखतही नाही. डोळ्याच्या पडद्याला दुखणं कळवणाऱ्या नसाच नाहीत.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना पिंट्या एकेक डोळा मिटून माझ्याकडे बघत होता. मला वाटलं मस्करी करतोय. म्हणाला, "ताई, या डोळ्यानं बघितलं की तुला नाकच नाही."

आम्ही हसलो. सगळे हसलो. मामी पण.

डॉक्टरांनी थेंब घालून बाहुली मोठी केली, स्कॅन काढला. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर डोळ्याच्या पडद्याचे थर दिसत होते, खारी मधून मोडल्यावर पापुद्रे दिसतात ना, तसे. बरोबर मध्यावर, जिथून आपण वाचतो, माणसाचं तोंड ओळखतो, तिथे ते पापुद्रे तुटलेले. हिरव्यानं झालं की न दिसणाऱ्यानं, हे आता सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मामीला बरीच वर्षं शुगर आहे, तिच्या पडद्याला लेझर झालेलं होतं. म्हणून पिंट्यानं विचारलं, "आईला तर लेझरनं बरं वाटलं, मला कसं काय?" डॉक्टर म्हणाले, "तो पण हिरवाच होता, बहुतेक ठिकाणी ५३२ चाच असतो. त्यानं आम्ही पडदा जाळतोच. कुठे, किती आणि किती वेळ, ते ठरवून जाळतो. आणि मधल्या भागाला हात लावत नाही."

पिंट्या टर्नर आहे. आयटीआय झालेला, एमआयडीसीत लेथवर. मायक्रोमीटर या मोजायच्या साधनावरची बारीक रेघ बघायचं काम. पहिल्या काही महिन्यांत थोडं सुधारलं, मग तिथेच थांबलं. आता मान जराशी वळवून डाव्या डोळ्यानं रेघ बघतो. नवीन पोरांना वाटतं साहेब ऐटीत बघतायत.

बरं, आता तुमचं म्हणणं. खरं १ मिलिवॅटच्या आतलं पेन असेल, चुकून क्षणभर डोळ्यावरून गेलं, तर बहुतेक वेळा काही होत नाही. मान्य. सरळ हिरवा उजेड देणारे डायोडही आता मिळतात, त्यात ती अवरक्तची भानगड नसते, तेही मान्य. पण तुमच्या पोराच्या हातात कुठलं आहे, हे तुम्हाला कसं कळणार? स्टिकर वाचून? माझ्यासमोर आत्ता पडलेल्या पेनावर पिवळा त्रिकोण आहे, खाली '५ मिलिवॅटपेक्षा कमी' असं इंग्रजीत आहे आणि 'डेंजर'चं स्पेलिंग चुकलंय. ज्याला डेंजर लिहिता येत नाही त्यानं मिलिवॅट मोजले असतील?

सगळ्यात राग याचा येतो की आपल्याकडे हे सगळं गमतीत जातं. २०२२ मध्ये सेनेगलच्या मैदानात पेनल्टी मारायला उभ्या राहिलेल्या इजिप्तच्या फुटबॉलपटू मोहम्मद सालाहच्या चेहऱ्यावर हिरव्या ठिपक्यांचा सडा पडला होता. आपण त्याचे मीम फिरवले. गणपतीच्या मिरवणुकांत लेझर आले, पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात तरुण पोरं डोळे घेऊन डॉक्टरांकडे गेल्याच्या बातम्या आल्या, पोलिसांनी बंदीचे आदेश काढले, आणि आपण त्यावरही आमच्याच सणावर का म्हणून भांडलो. ते दिवे मोठे, त्यांची ताकद वेगळी, माहीत आहे मला. डोळा तोच आहे ना? ग्रीसमधल्या नऊ वर्षांच्या मुलाची केस २०१८ मध्ये वैद्यकीय मासिकात छापून आली. हिरव्या लेझर पेनात परत परत बघत बसायचा. डाव्या डोळ्याच्या पडद्याला, मधोमध, भोक. स्वित्झर्लंडनं तर असली पेनं सरसकट बंदच करून टाकली. आपण ती वेफर्सच्या पुड्याबरोबर वाटतोय.

थांबते. पाणी पिऊन आले.

त्या मुलाच्या आईवर मी ग्रुपवर जरा जास्तच चिडले. तिनं काय केलं? बाजारात गेली, बजेटमध्ये बसणारं, पोरांना आवडेल असं काहीतरी घेतलं. मी तरी फुटपाथवर काय विचारून घेतलं होतं? मी तर शिकलेली, आकाश शिकवणारी. पिंट्यानं मला आजपर्यंत एका शब्दानं बोल लावलेला नाही. राखीला येतो, ओवाळून घेतो, मी समोर बसले की मुद्दाम डावा डोळा मिटतो आणि म्हणतो, "ताई, नाक कुठे ठेवून आलीस?" दर वर्षी तोच विनोद. आणि दर वर्षी मी हसते.

ता. क. (रात्री साडेदहा) : तिचा फोन आला होता. खूप घाबरली होती बिचारी. तिला पिंट्याचं सांगितलं. दोघीही थोडा वेळ गप्प बसलो. आत्तापर्यंत ११ घरांतून पेनं परत देतो असं कळवलंय, बाकीच्यांनी मेसेज वाचून सोडून दिलाय. तिच्याकडे उरलेली ४ आहेत, ती कुठे टाकू म्हणून विचारत होती. कचऱ्यात टाकली तर डेपोवर वेचणारी पोरं उचलणार आणि चालू आहे का म्हणून आत बघणार.

पिंट्याला फोन केला. म्हणाला, "सगळी घेऊन ये उद्या वर्कशॉपला. पण आधी सेल काढ. मग व्हाइसमध्ये धरून एकेक चिरडतो."