यमक गिळून टाकणारी लंडनची बोली

कॉकनी रायमिंग स्लँगचं (पूर्व लंडनच्या कष्टकऱ्यांची बोली, शब्दाऐवजी त्याच्याशी यमक जुळणारं काहीतरी म्हणायचं) एक रील हल्ली सारखं समोर येतंय. जिना म्हणजे स्टेअर्स, म्हणून अ‍ॅपल्स अँड पेअर्स, फोन म्हणजे डॉग अँड बोन, वाइफ म्हणजे ट्रबल अँड स्ट्राइफ, आणि खाली सगळे हसून लोटपोट. मी राहतो पूर्व लंडनात, रोजची उठबस याच लोकांत, पण जिन्याला अ‍ॅपल्स म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. हे सगळं टुरिस्टांना विकायचं सामान आहे हो. २००९ मध्ये तर इथल्या काही एटीएमवर कॉकनी भाषेचा ऑप्शन आला होता, कॅशऐवजी सॉसेज अँड मॅश! १८५९ च्या, हॉटन नावाच्या प्रकाशकाच्या स्लँग डिक्शनरीत ही रस्त्यावरच्या फेरीवाल्यांची गुप्त बोली म्हणून नोंदलीय, आणि दीडशे वर्षांनी तीच मशीनच्या स्क्रीनवर, घ्या.

जी खरंच जिवंत आहे ती बोली दिसतच नाही, कारण हे लोक जुळवलेलं यमकच गिळून टाकतात. म्हणजे लुकला यमक बुचर्स हुक, मग हुक गायब, उरलं काय तर "हॅव अ बुचर्स", म्हणजे बघ जरा. लाइज म्हणजे थापा, त्याचं पोर्क पाइज, आणि त्याचं झालं पोर्कीज. हेडचं लोफ ऑफ ब्रेड, म्हणून डोकं चालव म्हणायचं तर "यूज युअर लोफ". ज्या शब्दामुळे अर्थ लागणार तोच उडवायचा, मग बाहेरच्याने बसावं डोकं खाजवत. आणि गंमत म्हणजे इथल्यांनाही बऱ्याचदा पत्ता नसतो, चांगल्या घरच्या आज्याबाई कुणाला तरी सहज "बर्क" म्हणतात, म्हणजे येडपट, पण त्याचं मूळ बर्कली हंट आणि हंटचं यमक कशाशी जुळतं ते मी इथे लिहिणार नाही, घरचे लोक आहेत लिस्टमध्ये.

माझा लाडका शब्द मात्र रुबी. ऑफिसात शुक्रवारी कुणीतरी हमखास विचारतं, "फॅन्सी अ रुबी?" पहिल्यांदा मला वाटलं कुठली तरी दारू असणार. तर रुबी म्हणजे करी! रुबी मरी नावाची बेलफास्टची गायिका होती, १९५५ मध्ये एकाच आठवड्यात टॉप २० मध्ये तिची पाच गाणी होती, एवढी फेमस. आज विचारणाऱ्या पोरांनी तिचं एकही गाणं ऐकलेलं नसतं पण नाव रोज तोंडात, आणि तेही आपल्या रश्शासाठी, त्या बिचारीचा मसाल्याशी काय संबंध, फक्त मरी आणि करी जुळलं एवढंच.

आपण शाळेत च-ची भाषा बोलायचो, चहाबिहा जेवणबिवण तर रोजचंच, पण त्यात मूळ शब्द ऐकू येतोच. यमक जुळवून मग तेच खाऊन टाकलेला मराठी शब्द मला तरी आठवत नाहीये, तुमच्या गावाकडे, बाजारात, कट्ट्यावर कुठे असेल तर टाका खाली.