कासेलच्या लांडग्राफला पाच टक्के शिस्त

रात्रीचा पाऊण वाजलाय. सकाळी नऊला ऑफिसचा कॉल आहे. आणि मी गेला दीड तास एका टेक्स्ट फाइलीत एकच ओळ लिहितोय, खोडतोय, परत लिहितोय. डोक्याचा पार भुगा झालाय. कुठेतरी ओकायला हवं म्हणून इथे आलोय, ज्यांना झोप लाडकी असेल त्यांनी पुढे जा.

खेळाचं नाव घेत नाही. कम्प्युटरवर एखादं राज्य चालवायचं, ११ नोव्हेंबर १४४४ ला सुरू होऊन १८२१ पर्यंत चालणारा खेळ म्हटलं की कळायचं त्यांना कळतंच. त्यात प्रत्येक देशाला दहा खण. सुरुवातीच्या दोन परंपरा, मग सात कल्पना, आणि सातही पुऱ्या झाल्या की एक महत्त्वाकांक्षा. प्रत्येक खणात एक बोनस: घोडदळ इतके टक्के भारी, कर इतके टक्के जास्त, किल्ल्यांचा खर्च इतके टक्के कमी. आमचं चौघांचं एक मॉड, म्हणजे खेळात आपण घातलेली भर, चाललंय, छोट्या जर्मन राज्यांसाठी. वाटणीत मला हेसन-कासेल आलं. मी तर नाचलो होतो. एवढ्याशा राज्याला एवढा मसालेदार इतिहास क्वचित मिळतो.

आमच्यात एक बॅलन्स बघणारा आहे, म्हणजे कुठलंच राज्य डोईजड होऊ नये हे बघणारा. प्रत्येक टीममध्ये एक असतो. त्याने डिस्कॉर्डच्या आमच्या ग्रुपवर तीस सेकंदांत निकाल लावला: ‘हेसियन ना भावा? मर्सिनरी कॉस्ट उणे वीस टक्के, डिसिप्लिन अधिक पाच टक्के. झालं. पुढचं राज्य घे.’

झालं? काय झालं? उचलली जीभ आणि लावली टाळ्याला!

अरे, मर्सिनरी कॉस्ट उणे वीस टक्के म्हणजे काय ते तरी वाच. म्हणजे हेसन-कासेलला दुसऱ्यांचे भाडोत्री सैनिक स्वस्तात मिळणार. ज्या राज्याने शंभर वर्षं आपलं सैन्य दुसऱ्यांना भाड्याने दिलं, त्याला तू भाड्याने सैनिक घेण्यात सूट देतोयस! ठाण्यात ज्याचे चार फ्लॅट भाड्याने दिलेत त्या माणसाला ‘काका, तुम्हाला घरभाड्यात वीस टक्के सवलत’ असं सांगण्यासारखं आहे हे. काका म्हणतील, बाळा, मी घरमालक आहे.

आणि सैन्य भाड्याने देणं हा काही त्यांच्या एखाद्या उधळ्या राजाचा एकदाचा झटका नव्हता, तो तिथला राज्यकारभारच होता. तीस वर्षांच्या युद्धात नवरा मेल्यावर १६३७ पासून आमालिए एलिझाबेथने मुलाच्या नावाने राज्य चालवलं. राज्याचे लचके तुटलेले, तरी बाईने फौज मोडू दिली नाही, कारण फौज आहे तोवर फ्रान्स आणि स्वीडन विचारतात हे तिला पक्कं ठाऊक होतं. ते युद्ध संपवणाऱ्या १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहात तिने हेर्सफेल्डचं मठराज्य मिळवलं, आणि वर सैन्याचा हिशोब चुकता करायला सहा लाख थालर, म्हणजे चांदीची नाणी. तिचा नातू कार्ल, त्याने डेन्मार्कला फौज दिली, व्हेनिसला दिली. १७४६ मध्ये जुन्या स्टुअर्ट घराण्याच्या बाजूने उठलेल्या जॅकोबाइटांचं बंड मोडायला हेसियन पलटणी स्कॉटलंडात उतरल्या. आणि मग १७७६. इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जला अमेरिकेत माणसं हवी होती, आणि कासेलचा लांडग्राफ (तिथल्या राजाची पदवी) फ्रीडरिख दुसरा म्हणजे त्याचा सख्खा आतोबा. आत्या तोवर वारली होती, पण व्यवहार चोख. जानेवारीत करार, पहिल्या बोलीत बारा हजारांवर माणसं. अख्ख्या युद्धात सतरा ते एकोणीस हजार गेली. राज्याची लोकसंख्या किती? तीन लाखांच्या आतबाहेर. म्हणजे बायकामुलं, म्हातारेकोतारे सगळे धरून दर सोळा-सतरा माणसांमागे एक माणूस समुद्रापार.

सहा जर्मन राज्यांनी त्या युद्धात सैन्य दिलं, पण अमेरिकेत सगळ्यांनाच ‘हेसियन’ म्हणायला लागले. यावरून तरी यांचा वाटा कळावा!

आता ‘भाडोत्री’ या शब्दावर येतो, कारण खरी ठिणगी तिथे पडली. भाडोत्री सैनिक म्हणजे जो स्वतः बाजारात उभा राहतो, पैसे देईल त्याच्याकडे जातो. हेसचा शिपाई तसा नव्हता. तो लांडग्राफच्या खड्या फौजेतला. वर्दी, बंदूक, शपथ सगळं लांडग्राफचं. भाडं आलं ते लांडग्राफच्या खजिन्यात, शिपायाला त्याचा पगार. आपल्याकडे शिलेदार आणि बारगीर यांतला फरक चौथीच्या पोरालाही सांगता येतो: घोडा कुणाचा हा प्रश्न आहे. तोच प्रश्न इथे विचारला की बॅलन्सवाल्याचं उत्तर: ‘खेळाच्या इंजिनात दोघे एकच.’

मी त्याला शेवटी तैनाती फौजेचं उदाहरण दिलं. म्हटलं, वसईचा तह आठवतो का, १८०२? दुसऱ्या बाजीरावाने सव्वीस लाखांचा मुलूख लिहून दिला आणि इंग्रजांची फौज आपल्या दारात आणून बसवली. कासेलवाल्याने बरोबर उलटं केलं, फौज दिली आणि इंग्रजांकडून रोकडा घेतला. एकाचं राज्य त्यात गेलं, दुसऱ्याचा खजिना त्यात भरला. आणि तू दोघांना एकच बोनस देणार? उत्तर आलं: अंगठा. नुसता अंगठ्याचा इमोजी. हे मला शिवीपेक्षा जास्त लागतं.

बरं, कुणीतरी म्हणेलच, अरे त्या खेळात कोंडोत्तिएरी म्हणून फौज भाड्याने द्यायची सोय आहे की. आहे ना. २०१६ च्या डीएलसीपासून, म्हणजे खेळाच्या विकतच्या पुरवणीपासून आहे. माझ्या कित्येक शे तासांच्या खेळात कुठल्या मोठ्या देशाने हेसच्या दारात येऊन ‘साहेब, बारा हजार माणसं मिळतील का’ असं विचारलेलं मी पाहिलं नाही. मीच दारोदार हिंडायचं.

तो एक खण तसाच ठेवून मी बाकीचे भरायला घेतले. म्हटलं ते तरी सोपे जातील. कसले सोपे! लांडग्राफ फिलिप घ्या. १५२७ मध्ये मारबुर्गचं विद्यापीठ काढलं, १५२९ मध्ये ल्यूथर आणि झ्विंगली या भांडणाऱ्या धर्मसुधारकांना एका टेबलाशी बसवलं, प्रोटेस्टंट राज्यांच्या श्माल्काल्डन संघाचा म्होरक्या. इथवर ठीक, प्रोटेस्टंट एकजुटीचा बोनस देता येतो. पण १५४० मध्ये या गृहस्थाने पहिली बायको नांदत असताना दुसरं लग्न केलं, तेही ल्यूथरची गुपचूप संमती घेऊन. बातमी फुटली. साम्राज्याच्या कायद्यात दुहेरी लग्नाला देहदंडापर्यंत शिक्षा, त्यामुळे फिलिपला सम्राटापुढे नमतं घ्यावं लागलं आणि अख्खा प्रोटेस्टंट संघ ढिला पडला. एका माणसाच्या घरातल्या भानगडीने जर्मनीचं राजकारण वाकलं! आता सांगा, याचा बोनस कसा करू? खेळात बोनस अधिकच असतो. आणि १५६७ मध्ये तोच फिलिप मेला तेव्हा हेसचे चार पोरांत चार तुकडे झाले. कासेल नावाचं वेगळं राज्य त्या वाटणीतूनच जन्मलं. वाटणी हा ज्याचा जन्मदाखला, त्याच्या पहिल्या खणात मी काय लिहू, ‘राष्ट्रीय ऐक्य अधिक एक’?

मग देनी पापँ. वाफेच्या दाबावर प्रयोग करणारा फ्रेंच माणूस, कार्लच्या आश्रयाला कासेलात होता. आमच्या टीममधल्या दुसऱ्याने लगेच मोठ्या अक्षरांत टाकलं: ‘पहिली आगबोट!!! टेक्नॉलॉजी कॉस्ट उणे दहा!!!’ अरे बाबा, १७०७ मध्ये पापँ फुल्डा नदीतून जी होडी घेऊन निघाला तिला चाकं होती, वाफेचं इंजिन नव्हतं. आणि ती पोचली कुठवर? म्युंडेनपर्यंत. तिथल्या नावाड्यांनी आपला नदीवरचा हक्क मोडला म्हणून तिचे तुकडे केले. गोष्ट तंत्रज्ञानाची नाहीच, गोष्ट म्युंडेनच्या जकातीची आहे! याच म्युंडेनला वळसा घालायचा म्हणून कार्लने १६९९ मध्ये वेझर नदीच्या काठी नवं गाव वसवलं, आजचं कार्ल्सहाफेन. फ्रान्समधून पळालेल्या ह्युगेनॉटांना, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंटांना, तिथे आणून बसवलं, आणि कासेलपर्यंत कालवा खणायला घेतला. कालवा अर्धाच राहिला. गाव आजही आहे. हे सगळं मी सांगितलं तर म्हणतो, ‘मग ट्रेड एफिशियन्सी टाकू?’

सब घोडे बारा टक्के ही म्हण ज्याने काढली त्याच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटतं. त्या बिचाऱ्याने हा खेळ कधी पाहिलाही नसेल.

कारण शेवटी होतं काय, कुठलंही जर्मन राज्य घ्या, त्याचा छोटा प्रशिया होतो, कवायती फौजेसाठी गाजलेलं ते जर्मन राज्य. शिस्त पाच टक्के, पायदळ दहा टक्के, आणि ‘जर्मन आहे ना, मग बरोबर’. घड्याळं आणि तारे यांच्या नादी लागलेला विल्हेल्म चौथा, ज्याने योस्ट ब्युर्गीसारखा कारागीर पदरी ठेवला, तोही प्रशिया. सैन्याच्या भाड्यावर गब्बर झालेला फ्रीडरिख, ज्याने १७७९ मध्ये जनतेसाठी संग्रहालय उघडलं, तोही प्रशिया. उद्या एखाद्याने मराठ्यांना ‘घोडदळ दहा टक्के, लूट वीस टक्के’ एवढंच देऊन विषय मिटवला तर आपण चौथाईपासून गडकोटांपर्यंत तीन पानी निबंध लिहितो की नाही? मग कासेलचा माणूस काय मेलाय?

आणि हो, मी त्यांची आरती करत नाहीये. योहान गॉटफ्रीड झॉयमे नावाचा लायप्झिगचा विद्यार्थी १७८१ मध्ये रस्त्याने चालला होता, हेसच्या भरतीवाल्यांनी त्याला धरलं आणि पुढे आजच्या कॅनडातल्या हॅलिफॅक्सला रवाना केलं. शेजारच्या ब्राउनश्वाइगच्या करारात तर तीन जखमी बरोबर एक मेलेला असा भरपाईचा हिशोबच होता. मला हे खेळात हवंय. खजिना भरताना गावं ओस पडताना दिसायला हवीत. ‘मनुष्यबळ अधिक पंधरा टक्के’ लिहिलं की उलट माणसं हवेतून उगवतात!

मघाशी आई पाणी प्यायला उठली. ती आमच्या सोसायटीची खजिनदार आहे, हिशोब दिसला की तिचा पाय निघत नाही. मागे उभी राहून स्क्रीन वाचत होती. ‘हे भाड्याने देतात ना?’

‘हो.’

‘मग खर्चाच्या रकान्यात का लिहितोयस? जमेला घे.’

मी दोन मिनिटं गप्प. एक वाजता आमच्या खजिनदार बाईंना जे कळलं ते गणित मांडायला आमच्या चौघांच्या टीमला तीन आठवडे लागले, आणि तरीही मांडता आलेलं नाही.

म्हणून मी खणात टक्का टाकलाच नाही. त्याऐवजी एक घटना लिहिली. कुठलंही मोठं राज्य वर्षभराहून जास्त लढाईत अडकलं की कासेलच्या दारात त्या राज्याचा वकील येतो. हो म्हटलं तर खजिन्यात रोकड, मनुष्यबळात मोठा खड्डा, आणि दहा वर्षं प्रांतांत असंतोष. नाही म्हटलं तर तोच वकील शेजारच्या राज्याकडे जातो. टाकलं ग्रुपवर. म्हटलं, घ्या, याला म्हणतात हेसन-कासेल.

आत्ता उत्तर आलंय. ‘ओपी आहे रे, फारच ताकदवान. काढ. पाच टक्के डिसिप्लिन ठेव आणि पुढचं वाल्डेक घे.’

वाल्डेकनेही १७७६ मध्ये इंग्रजांना एक रेजिमेंट भाड्याने दिली होती.